जुन्या लॅपटॉपला नवी लॅन

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगाव आहे. अशा गावांकडे इंटरनेट दोन वाटांनी येतं, मोबाइलच्या टॉवरवरून किंवा फायबरमधून. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्र सरकारची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं, आणि दर पंचायतीला १०० एमबीपीएस हे तिचं उद्दिष्ट ठरलं. ही काचेची तार भिंतीवरच्या एका छोट्या डब्यात येऊन संपते. त्या डब्याला लॅनची भोकं असतात, पण ती बहुधा रिकामीच राहतात, कारण तिथून टेबलापर्यंतचं पंधरा-वीस फुटांचं अंतर आपण वाय-फायवर सोपवून मोकळे होतो. जुन्या लॅपटॉपवर सातबारा उघडायला वेळ लागला की खापर प्रोसेसरवर फुटतं आणि नव्या लॅपटॉपची चौकशी सुरू होते. माझं म्हणणं इतकंच, की पहिला संशय त्या पंधरा-वीस फुटांवर घ्यावा आणि पहिला खर्च काही शे रुपयांच्या लॅन कार्डावर करावा.

जुन्या लॅपटॉपमधलं वाय-फाय अनेकदा २००३ च्या ‘जी’ मानकाचं असतं. कागदावर त्याचा वेग ५४ एमबीपीएस, पण हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. हवेतला पट्टा सगळ्यांचा सामाईक असल्यामुळे एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन. भरवस्तीत दर दुकानात राउटर आला की ते कधीच पुरत नाहीत. चित्रपट पाहताना ही धक्काबुक्की जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. आपले सरकार सेवा केंद्रातल्या अर्जाचं तसं नाही. कागदपत्र अपलोड होताना जोडणी क्षणभर तुटली, की पोर्टल बाहेर काढतं आणि ओटीपीपासून पुन्हा सुरुवात. या कामाला वेगापेक्षा सलगपणाची गरज जास्त आहे, आणि तो तारेत मिळतो. १९९५ च्या फास्ट इथरनेटची जोडणीसुद्धा राउटरला लावल्यावर १०० एमबीपीएसने एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहते, आणि ती तार त्या एका लॅपटॉपचीच असते.

लॅपटॉपचं मूळ भोक तुटलेलं किंवा जळालेलं असेल तर तार लावायची कुठे? उत्तर कडेच्या स्लॉटवर अवलंबून आहे, आणि खरेदीतली फसगत इथेच होते. २००० च्या आगेमागे आलेल्या लॅपटॉपला पीसी कार्डचा ५४ मिलिमीटर रुंद स्लॉट असतो. त्यात सोळा बिटांची जुनी कार्डं बसतात, आणि १९९७ च्या अखेरीपासूनच्या बहुतेक यंत्रांत बत्तीस बिटांची कार्डबसही. कार्डबस ओळखू येतं ते तोंडाजवळच्या उंचवटे असलेल्या सोनेरी धातूच्या पट्टीवरून. फक्त सोळा बिटांच्या स्लॉटमध्ये ते पूर्ण आत जात नाही. त्याची खाचच तशी केलेली आहे, जोर लावू नये. २००३ पासून आलेलं एक्स्प्रेसकार्ड दिसायला त्याच घराण्यातलं, पण आतून पूर्ण निराळं. पीसी कार्डला ६८ पिना, याला २६ संपर्क. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. आता हिशेब करू. कार्डबसची कमाल क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, म्हणजे एक गिगाबिटच्या किंचित वर, आणि तीही इतर भागांबरोबर वाटून घ्यायची. त्यामुळे खोक्यावर ‘गिगाबिट’ छापलेलं कार्डबस कार्ड प्रत्यक्षात गिगाबिट देत नाही. एक्स्प्रेसकार्डला एका दिशेला २ गिगाबिटपर्यंत मोकळी वाट मिळते, म्हणून तिथे गिगाबिट कार्ड शोभतं. दोन्ही स्लॉट नसतील तर यूएसबी आहेच. यूएसबी २.० चा नावापुरता वेग ४८० एमबीपीएस, हाती येणारा तीनशेच्या आसपास. तिथे गिगाबिट अॅडॉप्टर पूर्ण गिगाबिट देत नाही, तरी १०० च्या अॅडॉप्टरपेक्षा जास्त देतो, पण घरी येणारी जोडणीच ५० किंवा १०० ची असेल, तर साधा १०० चा अॅडॉप्टरही पुरून उरतो. विकत घेताना खोक्यावरचा आकडा न वाचता स्लॉट आणि प्लॅन यांतला जो लहान असेल तो आकडा धरावा. गिगाबिट खरंच हवं असेल, तर केबलच्या चारही जोड्या शाबूत लागतात. १०० ला दोन पुरतात, म्हणून एखादी तार तुटलेली केबलही ‘चालू’ दिसते आणि वेग मात्र गुपचूप १०० वर उतरतो.

आक्षेप येईल, की इतक्या जुन्या यंत्रावर पैसा का घालायचा? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. आक्षेप खरा आहे. लॅन कार्डाने सुरक्षिततेची भोकं बुजत नाहीत, आणि एक्सपीवर बँकेचं काम तर करूच नये. पण त्याचं उत्तर लॅपटॉप भंगारात देणं हे नव्हे. हलकं लिनक्स बसवलं की तेच यंत्र ब्राउझरपुरतं नीट चालतं, आणि यूएसबीचा अॅडॉप्टर उद्या नव्या लॅपटॉपलाही लागतो, कारण नव्या सडपातळ यंत्रांना हे भोक उरलेलंच नाही. बायोमेट्रिक यंत्राचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर मात्र माझा युक्तिवाद तिथे थांबतो. तिथे नवं यंत्रच घ्यावं. ड्रायव्हरची अडचण त्यामानाने किरकोळ. रिअलटेकच्या आरटीएल८१३९ किंवा असिक्सच्या एएक्स८८१७९ सारख्या चिपांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतात. विंडोजसाठी ते दुसऱ्या यंत्रावरून पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावेत. अॅडॉप्टरसोबत इवलीशी सीडी देणाऱ्यांना, ती घालायला ड्राइव्ह कुठे आहे, हे विचारायला हवं.

विदर्भात खरा विचार करायला लावतो तो वीज पडण्याचा आक्षेप. फायबर वीज वाहून नेत नाही, तांब्याची केबल नेते. लॅनच्या मानकात १५०० व्होल्टपर्यंतचं विलगीकरण सांगितलेलं आहे, पण आकाशातल्या विजेपुढे ते काहीच नाही. म्हणून केबल घरातच ठेवावी. दोन इमारती जोडण्यासाठी ती छपरांवरून ओढू नये, तिथे फायबर टाकावं किंवा वाय-फायच बरं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अॅप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं. ती आली की लॅपटॉपची केबल आणि डब्याचा पॉवर प्लग, दोन्ही काढून ठेवावेत.