सैल क्लॅम्प, गरम इंजिन

२०१७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने जगभरातल्या सुमारे ५७ हजार मोटरसायकली तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण होतं एक क्लॅम्प. इंजिनातलं ऑइल थंड करायला कूलरकडे नेणाऱ्या नळीवरचा हा क्लॅम्प काही गाड्यांवर नीट बसवला गेला नव्हता. तो सैल पडला की नळी निखळते आणि गरम ऑइल सांडतं, तेही नेमकं मागच्या चाकाच्या वाटेत. नळी निखळल्याच्या नऊ घटना तोवर कंपनीच्या कानावर आल्या होत्या. त्यातल्या दोनदा अपघात झाला होता आणि एकाला किरकोळ दुखापत झाली होती.

नऊ घटना आणि ५७ हजार गाड्या हे आकडे शेजारी ठेवले की कंपनीने अंमळ घाईच केली, असं कुणालाही वाटावं. मला तसं वाटत नाही. मोटारीचं ऑइल सांडलं तर इंजिन जातं, माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि टोइंगवाल्याची वाट बघतो. दुचाकीवर इंजिन आणि मागचं चाक यांच्यात हातभर अंतर नसतं. वळणावर गाडी कललेली असताना टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर रस्ता धरून असतो आणि तेल पोचतं ते तिथेच. म्हणून दुचाकीच्या इंजिनाचा बिघाड इंजिनापुरता राहत नाही. दोन-चार सेकंदांत तो सीटवर बसलेल्या माणसाचा होतो. रिकॉलच्या बातम्या वाचताना हे अंतर डोक्यात ठेवलं, तर एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या बातमीचा अर्थ बदलतो.

हार्लेच्या त्या गाड्या २ जुलै २०१६ ते ९ मे २०१७ या काळात तयार झालेल्या होत्या. म्हणजे ‘मिलवॉकी-एट’ हे कंपनीचं अगदी नवं इंजिन बसवलेली पहिलीच पिढी. दोन सिलेंडर, प्रत्येकात चार व्हॉल्व्ह, मिळून आठ, म्हणून हे नाव. इंजिन मोठं, सुमारे १,७५० सीसीचं. असल्या व्ही-ट्विन इंजिनाची जुनी अडचण अशी, की मागचा सिलेंडर पुढच्याच्या आड लपतो आणि त्याला वारा कमी मिळतो. त्यातही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूचा भाग सर्वांत जास्त तापतो. हार्लेने त्यावर दोन उपाय केले. काही मोठ्या टूरिंग गाड्यांना कूलंट दिलं आणि त्यांचे रेडिएटर पायांसमोरच्या फेअरिंगमध्ये बसवले. बाकीच्या गाड्यांत इंजिन ऑइलच सिलेंडर हेडमधून फिरवलं आणि पुढे छोटा कूलर लावला. रिकॉलच्या यादीत रोड किंग, स्ट्रीट ग्लाइड, रोड ग्लाइड, काही इलेक्ट्रा ग्लाइड आणि पोलिसांसाठीच्या गाड्या होत्या, म्हणजे ऑइलवर थंड होणाऱ्या. उष्णतेला बाहेर काढायला जी वाट केली, तिच्याच एका सांध्यावर धोका तयार झाला.

उष्णतेचा हा पसारा किती मोठा असतो, ते एकदा समजून घ्यायला हवं. पेट्रोल जळतं तेव्हा सिलेंडरच्या आत क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं. पिस्टन असतो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याच्यापर्यंत आलेली उष्णता सतत कुठेतरी वाहून नेली जात असते. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश ऊर्जा चाकापर्यंत कामी येते. उरलेली सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून उष्णता म्हणून बाहेर पडते. ती बाहेर पडणं थांबलं की इंजिनाचं आयुष्य मिनिटांवर येतं.

आपल्याकडे बहुतेकांनी चालवलेल्या गाड्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या. बुलेट असो की स्प्लेंडर, सिलेंडरभोवती पातळ फिन असतात, त्यांच्यामुळे वाऱ्याला लागणारं अंग वाढतं आणि काम भागतं. यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही, ही या पद्धतीची मोठी पुण्याई. पण सिग्नलला वारा नसतो आणि इंजिनाची ताकद वाढली की फिन पुरत नाहीत. पाण्यावर थंड होणारं इंजिन इंग्लंडच्या स्कॉट कंपनीने १९०८ मध्येच मोटरसायकलवर आणलं होतं. जपानमध्ये सुझुकीची जीटी ७५० ही १९७१ मध्ये आली. भारतात यामाहाच्या आर१५ने २००८ मध्ये रेडिएटर कॉलेजातल्या पोरांपर्यंत आणला. २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएमची २०० ड्यूक बाहेर पडली आणि पुण्यातल्या गॅरेजांना कूलंटच्या बाटल्या ठेवाव्या लागल्या. रॉयल एनफिल्डने सगळ्यांत उशीर केला. तिची पहिली लिक्विड कूल्ड गाडी, नवी हिमालयन, २०२३ मध्ये आली आणि तिची किंमत गोव्यातल्या मेळाव्यात जाहीर झाली.

कूलंटचा प्रवास सोपा आहे. वॉटर पंप ते सिलेंडरभोवतीच्या पोकळीतून ढकलतो. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि साधारण ऐंशी अंशाच्या आसपास ती उघडतो. गाडी थांबलेली असली की पंखा सुरू होतो. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं. कुकरमध्ये पाणी शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही, तसंच इथे होतं. गरम इंजिनावर ते झाकण उघडलं तर दाब एकदम जातो, कूलंट उसळतं आणि हात-तोंड भाजतं. कसारा किंवा वरंधा घाटाच्या माथ्यावर गाडी तापली म्हणून झाकणाला हात घालणाऱ्यांना थांबवावंसं वाटतं, ते याचसाठी.

या वाटेवर बिघडण्याच्या जागा ठरलेल्या. पंपाचं सील झिजतं. त्यासाठी पंपाच्या खाली मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं, त्यातून थेंब दिसू लागले की सील गेलं असं समजायचं. मिस्त्रीने ते छिद्र एम-सीलने बुजवून दिल्याची उदाहरणं आहेत. तसं केलं की कूलंटला बाहेरची वाट उरत नाही आणि ते पुढचं सील ओलांडून इंजिन ऑइलमध्ये शिरू शकतं. नळ्या कडक होऊन चिरतात. पंख्याचा फ्यूज उडतो आणि हायवेवर कळतही नाही, कळतं ते शहरात शिरल्यावर. हेड गॅस्केट गेलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑइल दुधाळ दिसतं आणि कूलंट कुठेही गळताना न दिसता कमी होत जातं. हे सगळं हळूहळू होतं, म्हणूनच दुर्लक्ष होतं.

हळूहळू होणारी गोष्ट ज्या क्षणी एकदम होते, तो क्षण मात्र भयंकर असतो. पिस्टन प्रमाणाबाहेर तापला की फुगतो आणि सिलेंडरला पकडतो. इंजिन जाम होतं. गाडी गिअरमध्ये असते, त्यामुळे चेनमार्फत मागचं चाकही जाम होतं. हायवेच्या वेगात मागचं चाक अडकलं तर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. त्या वेळी क्लच दाबणं एवढंच हातात असतं, कारण क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या चालवलेल्यांच्या बोटांना ही सवय होती, दोन बोटं क्लचवर ठेवूनच ते फिरायचे. आजच्या विश्वासू इंजिनांवर वाढलेल्या मुलांना ती कुणी शिकवत नाही. शिकवायला हवी.

कूलंट सांडण्याचा धोका रेसिंगवाल्यांनी फार पूर्वी ओळखला. आपल्या कूलंटमध्ये ग्लायकोल असतं, त्याने उकळण्याचं तापमान वाढतं. पण रस्त्यावर सांडलं की ते कमालीचं निसरडं असतं आणि पाण्यासारखं पटकन वाळत नाही. म्हणून मोटरसायकलींच्या मोठ्या शर्यतींत रेडिएटरमध्ये ग्लायकोल चालत नाही, साधं पाणी लागतं. घाटातल्या वळणावर ग्लायकोलला बंदी घालणारं कुणी नाही.

उष्णता आपल्या वाटेने गेली नाही तर शेजाऱ्यांना त्रास देते. २०११ मध्ये हार्लेनेच ३ लाख ८ हजार टूरिंग गाड्या आणि ट्राइक परत बोलावल्या. २००९ ते २०१२ या मॉडेल-वर्षांच्या त्या गाड्यांत मागच्या ब्रेकच्या दिव्याचा स्विच एक्झॉस्टच्या उष्णतेने खराब होत होता. ब्रेक दाबला तरी दिवा लागत नव्हता, किंवा न दाबताच लागत होता. स्विचमधून ब्रेक फ्लुइड गळण्याचीही शक्यता होती. इंजिन ठणठणीत, आणि धोका मागून येणाऱ्या ट्रकचा. सुझुकीच्या काही गाड्यांत रेग्युलेटर-रेक्टिफायरचा सर्किट बोर्ड आणि त्याची उष्णता शोषणारा धातूचा भाग यांची जोड कच्ची होती. त्यामुळे तो भाग तापायचा, बॅटरी चार्ज व्हायची नाही आणि गाडी चालता चालता बंद पडायची. कधी दोष थेट इंजिनाच्या आतच निघतो. डुकाटीने २०२० अखेर आणलेल्या मल्टिस्ट्राडा व्ही४च्या सुरुवातीच्या गाड्यांत व्हॉल्व्ह गाइड लवकर झिजत असल्याचं आढळलं. तिथे भाग बदलत बसण्याऐवजी कंपनीने संपूर्ण इंजिनच बदलून दिलं.

आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण मे २०२१चं. रॉयल एनफिल्डने मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या तपासायला घेतल्या. बाहेरच्या पुरवठादाराकडून डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात आलेल्या इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. त्याने इंजिन मिसफायर होऊ शकत होतं आणि क्वचित शॉर्ट सर्किटही. प्रत्यक्ष कॉइल बदलावी लागेल अशा गाड्या दहा टक्क्यांहूनही कमी असतील, असा कंपनीचा अंदाज होता. मग सगळ्याच का बोलवायच्या? कारण दोषी कॉइल नेमकी कोणत्या गाडीत आहे, ते बाहेरून दिसत नाही. नव्वद माणसांना विनाकारण शोरूमची फेरी पडते, पण उरलेल्या दहांना वाचवायची दुसरी वाट नसते.

कधी तर आधीच्या मालकाचे दोष पुढच्याला जाहीर करावे लागतात. चेन्नईच्या टीव्हीएसने एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनची नॉर्टन विकत घेतली आणि जुन्या व्यवस्थापनाच्या काळात बनलेल्या व्ही४ सुपरबाइक तपासल्या. ३५ दोष सापडले, त्यातले १९ सुरक्षिततेशी संबंधित होते. नव्या मालकाने ते लपवले नाहीत. त्या गाड्या चालवू नका, असं सांगितलं. माझ्या मते असं सांगणाऱ्या कंपनीवरचा विश्वास वाढायला हवा. आपल्याकडे उलट होतं. ‘त्या गाडीला रिकॉल आला होता’ हे वाक्य घेऊ नकोस म्हणण्यासाठी वापरलं जातं, आणि कधीच काही जाहीर न करणारी कंपनी निर्दोष ठरते.

अमेरिकेत १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा आला. सुरक्षेचा दोष आहे हे लक्षात आल्यावर कंपनीने पाच कामकाजी दिवसांत सरकारला कळवायचं आणि त्यानंतर मालकांना पत्र पाठवायचं, असा तिथला नियम. आपल्याकडे वाहन उद्योगाच्या संघटनेने २०१२ मध्ये ऐच्छिक रिकॉलची पद्धत सुरू केली. कायद्यात तरतूद आली ती २०१९च्या मोटर वाहन सुधारणा कायद्याने, कलम ११०-अ म्हणून, आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांहून कमी जुन्या गाड्या त्यात येतात. सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावावं लागलं तर १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मालकांच्या तक्रारींवरून किंवा चाचणी संस्थेच्या अहवालावरून सरकार हालचाल करू शकतं. अशा मान्यताप्राप्त चाचणी संस्थांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत: पुण्यातली एआरएआय आणि सीआयआरटी, आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई.

इंजिन जाऊन बॅटरी आली म्हणून हा विषय संपलेला नाही. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात एक ओला स्कूटर उभ्या उभ्या पेटली. पुढच्याच महिन्यात कंपनीने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासायला परत घेतल्या. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. उष्णता बाहेर कशी काढायची हा प्रश्न तोच राहिला.

कायदा आहे, कंपन्याही आता बऱ्यापैकी पुढे येतात, आणि काम फुकट होतं. तरी साखळी एका ठिकाणी तुटते. निरोप जातो पहिल्या मालकाला, शोरूमच्या रजिस्टरमधल्या फोन नंबरवर. गाडी तोवर दोनदा विकलेली असते. पहिला मालक पुण्यातला, तिसरा परभणीजवळच्या गावातला, आणि सर्व्हिसिंग नाक्यावरच्या गॅरेजमध्ये. त्या गॅरेजवाल्याचा हात कुशल असतो, पण या चॅसिस नंबरवर एक भाग बदलायचा राहिला आहे, हे त्याला सांगणारं कुणी नसतं. जुनी गाडी घेताना आपण टायर बघतो, स्पीडोमीटर बघतो, आरसी आणि विमा बघतो. आरसीवरचा चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला देऊन राहिलेला रिकॉल विचारायला पाच मिनिटं लागतात. नाव हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० भरताना हाच नंबर सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत जातोच. त्याच वेळी राहिलेल्या रिकॉलची नोंद नव्या मालकाला छापील स्वरूपात देणं आरटीओला बंधनकारक केलं, तर परभणीच्या त्या तिसऱ्या मालकालाही आपल्या गाडीत काय बदलायचं राहिलं आहे ते कळेल.