अभिजात मोटारगाडीतील वातानुकूलन संचाची निवड

मूळ कारखान्यात वातानुकूलन नसलेल्या, परंतु पुढे आधुनिक इंजिन बसवलेल्या जुन्या मोटारगाडीसाठी बाजारात स्वतंत्रपणे मिळणारा वातानुकूलन संच निवडणे, हा मोटारगाड्यांच्या पुनर्बांधणीतील एक महत्त्वाचा तांत्रिक प्रश्न आहे. अशा गाडीत तीन निरनिराळ्या निर्मात्यांच्या रचना एकत्र येतात : जुनी बॉडी, नवे इंजिन आणि सर्वसाधारण उपयोगासाठी बनवलेला वातानुकूलन संच. प्रत्येक भाग उत्तम असूनही ते परस्परांशी जुळले नाहीत, तर गाडी थंड होत नाही, इंजिन तापते किंवा कॉम्प्रेसर निकामी होतो. त्यामुळे एखाद्या भागाची क्षमता किती मोठी आहे यापेक्षा सर्व भागांचा मेळ कसा बसतो, हा निवडीचा मुख्य निकष ठरतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील पॅकार्ड या कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातच बसवलेले वातानुकूलन प्रथम उपलब्ध करून दिले. त्यातील थंड हवेची पेटी मागच्या आसनामागे होती. कॉम्प्रेसरला क्लच नसल्यामुळे यंत्रणा पूर्णपणे बंद करण्यासाठी इंजिनावरील पट्टा काढावा लागे. १९५३ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांनी वातानुकूलन पुन्हा बाजारात आणले. १९५४ च्या नॅश अँबॅसिडर या गाडीत तापक, वायुवीजन आणि शीतन हे सर्व गाडीच्या पुढील भागात एकत्र आणण्यात आले.

तरीही १९५० व १९६० च्या दशकांतील बहुसंख्य गाड्या वातानुकूलनाविना विकल्या गेल्या. उष्ण हवामानाच्या टेक्सास राज्यात डॅशबोर्डखाली टांगण्याच्या स्वतंत्र संचांचा व्यवसाय वाढला. याच राज्यातील सॅन अँटोनिओ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली व्हिंटेज एअर ही कंपनी जुन्या गाड्यांसाठीच संच बनवते. १९९७ च्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये एलएस-१ हे इंजिन आले. त्यानंतर या मालिकेतील इंजिने जुन्या गाड्यांत बसवण्याची प्रथा रूढ झाली आणि संच निवडीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा बनला.

कार्यपद्धती

वातानुकूलन यंत्रणा थंडी निर्माण करत नाही. ती प्रवासीकक्षातील उष्णता उचलून बाहेर टाकते. कॉम्प्रेसर वायुरूप प्रशीतकाला दाबतो. दाबाने तापलेला वायू गाडीच्या पुढील कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. हा द्रव ड्रायरमधून जाताना त्यातील ओलावा शोषला जातो. पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि इव्हॅपोरेटरमध्ये त्याचे बाष्पीभवन होते. त्यासाठी लागणारी उष्णता तो पंख्याने फिरवलेल्या हवेतून घेतो. इव्हॅपोरेटरने जेवढी उष्णता उचलली, तेवढी आणि कॉम्प्रेसरच्या कामातून निर्माण झालेली अधिकची उष्णता कंडेन्सरला बाहेर टाकावी लागते. या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा संपूर्ण यंत्रणेची मर्यादा ठरवतो.

उष्णतेचा भार

जुन्या गाडीचा पत्रा बहुधा उष्णतारोधक थराविना असतो. काचा साध्या असतात, दारांचे रबर कडक झालेले असते आणि फरशीखालून एक्झॉस्टची नळी जाते. अशा गाडीत संचाची बरीच शक्ती बाहेरून येणाऱ्या उष्णतेशी झगडण्यात खर्च होते. म्हणून संच निवडण्यापूर्वी फरशी, छत आणि फायरवॉल म्हणजे इंजिन व प्रवासीकक्ष यांमधील पत्रा यांवर उष्णतारोधक थर बसवणे, रबर बदलणे व भोके बुजवणे ही कामे आधी करणे इष्ट असते. भार कमी झाल्यास मध्यम क्षमतेचा संचही पुरेसा ठरतो.

कॉम्प्रेसर

आधुनिक इंजिनासोबत बहुधा त्याचा मूळ कॉम्प्रेसरही मिळतो. त्याचा कंस, पुली आणि पट्टा आधीपासून जुळलेले असल्याने तो वापरणे सोयीचे वाटते. मात्र त्याआधी दोन बाबी तपासाव्या लागतात.

पहिली बाब जागेची. एलएस मालिकेतील अनेक इंजिनांवर कॉम्प्रेसर खाली, चालकाच्या विरुद्ध बाजूला असतो. १९६७ ते १९६९ या काळातील शेवरोले कॅमरोसारख्या गाडीत तो नेमका चासीच्या तुळईला अडतो. अशा वेळी तुळईचा भाग कापणे किंवा कॉम्प्रेसर वर घेणारा वेगळा कंस बसवणे, असे दोन पर्याय राहतात. चासी हा गाडीचा भार वाहणारा भाग असल्यामुळे ती कापून पुरेसे मजबुतीकरण न केल्यास गाडीच्या सुरक्षिततेवर परिणाम होतो. कंस बदलणे हा उपाय पूर्ववत करता येण्याजोगा असतो.

दुसरी बाब प्रकाराची. बाजारातील बहुतेक संच स्थिर क्षमतेच्या कॉम्प्रेसरसाठी आखलेले असतात. सँडेन कंपनीचे सुमारे १३८ व १५५ घन सेंटिमीटर क्षमतेचे कॉम्प्रेसर या प्रकारात मोडतात. अशा संचात इव्हॅपोरेटरचे तापमान गोठणबिंदूजवळ येताच थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरचा क्लच सोडतो आणि तापमान वाढल्यावर तो पुन्हा जोडतो. बऱ्याच आधुनिक इंजिनांवर मात्र परिवर्ती क्षमतेचा कॉम्प्रेसर असतो. तो दट्ट्यांचा फेरा लहानमोठा करून गरजेनुसार काम करतो. याच्या काही प्रकारांत हा फेरा मूळ गाडीच्या संगणकाकडून येणाऱ्या विद्युत संकेतावर अवलंबून असतो. तो संकेत नसल्यास कॉम्प्रेसर फिरत राहतो, परंतु फेरा किमान राहिल्याने गाडी जवळजवळ थंड होत नाही. असे कॉम्प्रेसर बदलून स्थिर क्षमतेचा कॉम्प्रेसर घेणे किंवा त्यांच्यासाठी स्वतंत्र नियंत्रक बसवणे आवश्यक असते.

विजेवर चालणारे १२ व्होल्टचे कॉम्प्रेसरही उपलब्ध आहेत. त्यांना पट्टा लागत नाही आणि ते कोठेही बसवता येतात. मात्र १२ व्होल्टवर १०० अँपिअर प्रवाह घेतला, तरी केवळ १.२ किलोवॉट शक्ती मिळते. त्यामुळे लहान गाडी वगळता उष्ण प्रदेशात ते इंजिनावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची बरोबरी करू शकत नाहीत.

कंडेन्सर आणि पंखा

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि त्याने टाकलेली उष्णता रेडिएटरकडे जाते. अधिक शक्तीच्या नव्या इंजिनाला जुनाच रेडिएटर असल्यास रहदारीत इंजिन तापण्याचा धोका दुप्पट होतो. म्हणून रेडिएटर, कंडेन्सर आणि पंखा यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो. समांतर प्रवाहाचा म्हणजे अनेक चपट्या सूक्ष्म नळ्यांचा कंडेन्सर जुन्या नागमोडी नळीच्या प्रकारापेक्षा अधिक परिणामकारक असतो. तो उपलब्ध जागेत मावेल तेवढा मोठा घेतात. पंख्याभोवती आच्छादन असणे आणि कंडेन्सरच्या कडेच्या फटी बंद करणे गरजेचे असते. अन्यथा हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते. गाडी वेगात असताना थंड आणि सिग्नलला थांबल्यावर गरम हवा येत असेल, तर दोष बहुधा हवेच्या प्रवाहात असतो.

प्रवासीकक्षातील संच

इव्हॅपोरेटर, तापक आणि ब्लोअर एकाच पेटीत असलेले संच डॅशबोर्डमागे बसतात. विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेल्या संचात कंस, हवेच्या नळ्या आणि फायरवॉल झाकणारी पट्टी मिळते. मूळ कळाही बहुधा वापरता येतात. सर्वसाधारण संच स्वस्त असतो, परंतु त्यासाठी मोजमाप व कापाकापी अधिक करावी लागते. डॅशबोर्डखाली टांगण्याचा संच सर्वांत कमी फेरफार मागतो. मात्र तो पाय ठेवण्याची जागा व्यापतो आणि काचेवरील धुके घालवण्यास फारसा उपयोगी पडत नाही. काही आधुनिक इंजिनांत तापकाच्या नळ्यांतून कूलंट सतत फिरणे अपेक्षित असते. तेथे प्रवाह पूर्ण बंद करणाऱ्या झडपेऐवजी तो वळवून परत पाठवणारी झडप लागते.

विद्युत व्यवस्था आणि नियंत्रण

ब्लोअर, क्लच आणि रेडिएटरचे पंखे यांचा एकत्रित भार जुन्या डायनॅमोला पेलत नाही. नव्या इंजिनासोबत आलेल्या अधिक क्षमतेच्या अल्टरनेटरमुळे हा प्रश्न सुटतो. परंतु जुन्या तारा तशाच ठेवल्यास त्या तापून आग लागू शकते. म्हणून पंखे आणि ब्लोअर यांना फ्यूज व रिलेसह स्वतंत्र तारा देतात.

कॉम्प्रेसर जोडला जाताच इंजिनावर भार पडतो. ही सूचना इंजिनाच्या संगणकाला मिळाल्यास तो संथ गती सावरतो; न मिळाल्यास सिग्नलला इंजिन थरथरते किंवा बंद पडते. दाबावर लक्ष ठेवणारा स्विचही अनिवार्य मानला जातो. प्रशीतक गळून दाब फार उतरल्यास किंवा तो सुमारे ४०० पीएसआयच्या वर गेल्यास हा स्विच क्लच सोडवतो. काही संगणकांना मात्र असा चालू-बंद स्विच न चालता दाबाचे प्रत्यक्ष मूल्य सांगणारा संवेदक लागतो.

प्रशीतक आणि तेल

जुन्या यंत्रणांत आर-१२ हे प्रशीतक वापरले जाई. ते ओझोन थराला घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झाले. सध्याचे बहुतेक संच आर-१३४ए वर चालतात. ते ओझोन थराला अपाय करत नाही. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. युरोपीय संघाने २०१७ पासून नव्या मोटारींत त्याचा वापर बंद केला. त्याऐवजी आलेले आर-१२३४वायएफ सौम्य ज्वलनशील आहे.

प्रशीतकानुसार कॉम्प्रेसरचे तेल बदलते. आर-१२ सोबतचे खनिज तेल आर-१३४ए मध्ये नीट मिसळत नाही. त्यामुळे जुने भाग वापरल्यास कॉम्प्रेसर तेलाअभावी घासला जाण्याची शक्यता असते. स्वस्त पर्याय म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील हायड्रोकार्बन भरणे धोक्याचे असते, कारण इव्हॅपोरेटर फुटल्यास हा वायू थेट प्रवासीकक्षात पसरतो. आर-१३४ए सुमारे उणे २६ अंश सेल्सिअसला उकळत असल्याने त्याचा द्रव त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास हिमदंश होतो. भरण्यापूर्वी निर्वात पंपाने यंत्रणेतील हवा व ओलावा काढणे आणि प्रशीतक दाबाच्या अंदाजाने न भरता निर्मात्याने सांगितलेल्या वजनाने भरणे, ही प्रमाणित पद्धत आहे.

भारतातील संदर्भ

जुनी बॉडी आणि नवे इंजिन यांची जोड भारतात कारखान्यांनीही घातली. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८० च्या दशकात फियाट १२४ च्या बॉडीत निस्सानचे इंजिन बसवून ११८ एनई ही गाडी काढली. मॉरिस ऑक्सफर्डपासून घडलेल्या हिंदुस्तान अँबॅसिडरमध्ये पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले.

व्यक्तिगत पातळीवर इंजिन बदलण्यासाठी मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्राधिकरणाची मान्यता लागते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. इंजिन बदललेली गाडी या व्याख्येत बसत नाही. तरीही मूळ पत्रा न कापता, असलेल्या भोकांचा उपयोग करून संच बसवल्यास आणि काढलेले भाग जपून ठेवल्यास पुढील मालकाला गाडी मूळ स्वरूपात आणण्याची वाट मोकळी राहते.