काळ्यावर चांदी: बिदरच्या कादरींची कारागिरी

५ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेतल्यावर बिदरचे शाह रशीद अहमद कादरी पंतप्रधानांना म्हणाले, भाजपचं सरकार मला हा मान देईल असं वाटलं नव्हतं. त्या वाक्याची देशभर बातमी झाली. काळ्या धातूवर चांदी बसवण्याच्या ज्या बिदरी कामासाठी मान मिळाला, त्याची फारशी झाली नाही.

बिदर म्हणजे लातूर-नांदेडला खेटून असलेला कर्नाटकातला जिल्हा; भालकी-औरादकडे मराठी सर्रास कानावर पडते. १९५५ साली जन्मलेले कादरी हे काम वडिलांच्या हाताखाली शिकले. राष्ट्रीय पुरस्कार १९८८ सालचा; पद्मश्रीला पुढे पस्तीस वर्षं लागली!

बिदरीचं भांडं चांदीचं नसतं. जस्तात थोडं तांबं मिसळून ते ओततात, कानशीनं घासतात आणि मोरचूद फासून तात्पुरतं काळं करतात. त्यावर टोकदार सळईनं वेलबुट्टी रेखायची, छिन्नीनं खाचा पाडायच्या आणि त्यांत चांदीची तार ठोकून बसवायची. ही तारकशी. तारेऐवजी पत्रा खोल बसवला तर तहनिशां. घासल्यावर पहिला काळेपणा उतरतो आणि सगळं भांडं राखाडी, चांदी ओळखूही येत नाही. मग बिदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊनपाऊस न लागलेली माती नवसागरासह पाण्यात उकळायची. त्यात भांडं बुडवलं की जस्त कायमचं काळं होतं, चांदी तशीच राहते. चांगली माती कोणती, हे कारागीर जिभेवर चाखून ठरवतात. कितीही यंत्रं आणा, ही जीभ कुठून आणणार?

पूर्वी हुक्के, सुरया, पानदानं घडत. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनातही बिदरी मांडलेली होती. हुक्का गेला, पानदान गेलं. आता फुलदाण्या, तबकं, दागिने घडतात. २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यानं नवी पोरं कामाला बसतातच असं नाही.

कर्नाटक आपल्या नागपुरातल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्याच कक्षेत येतं. तिथल्या क्राफ्ट मेळ्यात बिदरी दिसली, तर नक्षीवरून बोट फिरवून बघा: चांदी बसवलेली आहे की नुसता रंग दिलाय. घरी आणल्यावर तबकात चिंच-लिंबू ठेवू नका आणि ते पितांबरीनं घासू नका. तेलाचा हात फिरवला की पुरे.