प्लास्टिकचा प्रश्न आणि सोलापूरचे विद्यापीठ

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणारे वळसंग जिल्ह्याला ओळखीचे आहे ते सहकारी सूतगिरणीमुळे. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या पट्ट्यात कापडाचा धंदा आणि बागायती शेती शेजारी शेजारी नांदतात, आणि दोन्हींना आता प्लास्टिकवाचून चालत नाही. उसाला आणि डाळिंबाला ठिबकच्या नळ्या, भाजीपाल्याखाली मल्चिंग पेपर, उन्हाच्या चटक्यापासून फळ वाचवायला क्रॉप कव्हर, खताच्या विणलेल्या गोण्या, सुतात मिसळले जाणारे पॉलिस्टर. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी घातली. या दोन्ही निर्णयांचा रोख पिशव्या, पेले, चमचे यांवर होता. शेतातल्या प्लास्टिकला बंदी लागू होत नाही आणि व्हायलाही नको, कारण दुष्काळी तालुक्यात ठिबक काढून घेणे म्हणजे पाणी काढून घेणे. प्रश्न आहे तो नळी फुटल्यानंतरचा आणि पेपर फाटल्यानंतरचा. विद्यापीठ आणि उद्योग यांनी मिळून शाश्वत प्लास्टिकवर संशोधन करावे, असे आज सगळेच म्हणतात. माझे म्हणणे असे की सोलापुरात त्याची सुरुवात नव्या प्लास्टिकच्या शोधापासून नव्हे, तर या वापरून संपलेल्या मालापासून व्हावी. त्यासाठीचा पैसाही एकेका कंपनीच्या मर्जीवर न सोडता साऱ्या धंद्याने मिळून दर हंगामाला द्यावा.

असे सहकार्य महाराष्ट्राला नवे नाही. मुंबई विद्यापीठाने 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला तेव्हा त्याच्या पहिल्या विषयांत वस्त्ररसायन होते, कारण समोर गिरण्या उभ्या होत्या आणि त्यांना रंगाई-धुलाई जाणणारी माणसे हवी होती. पुढे यूडीसीटी आणि आता आयसीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत उद्योगाचा प्रश्न वर्गात येणे हा कमीपणा मानला गेला नाही. तिथेच शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. डॉ. एस. शिवराम यांच्यासारख्या तिथल्या पॉलिमर शास्त्रज्ञांनी पॉलिकार्बोनेटवर केलेले काम अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने घेतले. ही उदाहरणे मोठी आहेत, पण सोलापूरला त्याहून जवळचे उदाहरण मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे आहे. 1975 मध्ये ती उभी राहिली ती सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांच्या पुढाकाराने, आणि कारखाने गाळपाच्या टनामागे एक रुपया तिला देत आले. राज्याचे गाळप चांगल्या हंगामात हजार लाख टनांच्या आसपास जाते, म्हणजे रुपयाचे दहा कोटी होतात. एका कारखान्याला न परवडणारी प्रयोगशाळा सगळ्यांच्या रुपयातून उभी राहते आणि तिच्यावर कोणा एकाची मालकी राहत नाही. छायाचित्र काढून कपाटात ठेवलेल्या सामंजस्य करारांपेक्षा हा रुपया मला फार मोलाचा वाटतो.

साहजिकच इथे कोणी विचारील की राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्याने जैवप्लास्टिकच का बनवू नये? विचार आकर्षक आहे आणि रसायनशास्त्र त्याच्या बाजूने आहे. ग्लुकोजपासून इथेनॉल करताना जवळपास निम्मे वजन कर्बवायू होऊन उडून जाते. शंभर किलोतून जास्तीत जास्त 51 किलो इथेनॉल मिळते. तेच ग्लुकोज जिवाणूंकरवी आंबवून लॅक्टिक आम्ल केले तर कागदावर शंभरचे शंभर किलो हाती येतात आणि त्यातून पाण्याचा अंश निघून सुमारे 80 किलो पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, होऊ शकते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर 2024 मध्ये जेजुरीजवळ पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने याच मालाचा मोठा कारखाना हाती घेतला आहे. तरीही सोलापूरने याला पहिले पाऊल मानू नये. जुन्या पद्धतीत आम्ल चुन्याने उदासीन करावे लागते, आणि टनभर लॅक्टिक आम्लामागे जवळपास टनभर जिप्सम उरते. पीएलए कुजते ते साठ अंशांच्या आसपास तापलेल्या औद्योगिक खतप्रकल्पात. बांधावर टाकलेला तुकडा वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो, आणि बाटल्यांच्या पीईटीमध्ये मिसळला तर तोही माल बिघडवतो. सर्वांत मोठी अडचण पाण्याची. प्लास्टिकसाठी उसाचे एक टिपरूही जादा लावावे लागणार असेल, तर उजनी धरणाकडे डोळे लावून बसलेल्या जिल्ह्यात त्याला शाश्वत म्हणता येणार नाही. आहे त्याच उसाच्या साखरेचा किंवा मळीचा वाटा इथेनॉलकडे जावा की पीएलएकडे, हा हिशेब मात्र संशोधनाचा चांगला विषय आहे, आणि तो कारखान्याच्या दारातच मांडता येईल.

टाकलेल्या नळीची गोष्ट दिसते तितकी साधी नाही. भंगारवाला नळ्या, पेपर, कव्हर एकत्र नेतो. ते दळून, धुऊन, वितळवून दाणा होतो आणि दाण्यापासून पुन्हा पाइप, घमेली, बादल्या. नळी आणि पेपर पॉलिथिलीनचे, क्रॉप कव्हर आणि गोणी पॉलिप्रॉपिलीनची. पाण्याच्या हौदात टाकले की पीव्हीसी बुडते, म्हणून ते वेगळे काढता येते. पण पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही दोन्ही पाण्यापेक्षा हलकी असल्याने बरोबरच तरंगतात आणि दाण्यात एकत्र जातात. एक 110 ते 130 अंशांत वितळते, दुसऱ्याला 160 च्या वर उष्णता लागते, आणि वितळल्यावरही ती एकजीव होत नाहीत. अशा दाण्याचा पाइप दाब आला की चिरतो. त्यात सोलापूरच्या उन्हाने पॉलिमरच्या साखळ्या काही ठिकाणी तोडलेल्या, काही ठिकाणी एकमेकींत गुंतवलेल्या असतात, तेव्हा एकाच ढिगातला माल यंत्रात दर वेळी वेगळा वाहतो. मल्चिंग पेपर तर 25-30 मायक्रॉनचा. त्याला चिकटलेली माती पेपरापेक्षा जड भरते, आणि ती धुवायला पुन्हा पाणीच लागते. कमी पाण्यात माती कशी सोडवावी, किती हंगाम ऊन खाल्लेली नळी पुन्हा नळी होऊ शकते आणि कोणती फक्त घमेल्याच्या लायकीची उरते, दोन प्लास्टिकांना बांधून ठेवणारे मिश्रक किती घालावे, हे प्रश्न पीएच.डी.च्या तोलाचे आहेत. त्यांची उत्तरे परदेशी नियतकालिकात तयार मिळणार नाहीत, कारण तिथले ऊन आणि माती आपली नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 2004 मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले, आणि त्याच्या रसायनशास्त्र संकुलात पॉलिमर रसायनशास्त्र शिकवले जाते. विद्यापीठ ज्या केगावात आहे, तिथेच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. म्हणजे प्लास्टिक जाणणारा आणि ते वापरणारी बाग जाणणारा, दोघे शेजारी आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर वर्गाला प्रत्यक्ष कामावरचे चार श्रेयांकांचे प्रशिक्षणही ठेवले आहे. ते दाणा करणाऱ्या कारखान्यात व्हावे. विद्यार्थ्याने तिथल्या मालाचा प्रवाहांक, म्हणजे वितळल्यावर तो किती सहज वाहतो ते, आणि वितळबिंदू मोजावा, आणि त्याच वेळी माल निवडणाऱ्या बायांना व यंत्रचालकांना विद्यापीठाने छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम द्यावा. पॉलिथिलीन कोणते आणि पॉलिप्रॉपिलीन कोणते हे स्पर्शाने आणि आवाजाने ओळखणाऱ्या हातांकडे जे ज्ञान आहे, ते पुस्तकात उतरवणे हेही संशोधनच.

दोन आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला असा की उद्योगाचा पैसा आला की संशोधन त्याच्या दावणीला बांधले जाते, आणि गैरसोयीचे निष्कर्ष दडपले जातात. ही भीती खरी आहे. एका कंपनीने दिलेल्या निधीत ती पुरी खरी ठरू शकते. म्हणूनच साखर, ठिबक आणि कापड या तिन्ही धंद्यांनी मिळून निधी द्यावा, चाचण्यांचे आकडे सर्वांना खुले असावेत आणि खर्चाचा लेखाजोखा दर वर्षी छापावा. एखाद्या उत्पादकाची खास पाककृती गुप्त राहिली तर बिघडत नाही. पण मातीत किती प्लास्टिक उरले हा आकडा गुप्त राहता कामा नये. दुसरा आक्षेप पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांचा: पुनर्वापराच्या गप्पांनी वापर कमी करण्याचा मुद्दा मागे पडतो. लग्नाच्या पंगतीतल्या पेल्यांबाबत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. तिथे पर्याय आहे, संशोधनाची गरज नाही. पण ठिबकाला आज पर्याय नाही, आणि जिथे पर्याय नाही तिथे वस्तू जास्त टिकवणे व पुन्हा वापरात आणणे हेच वापर कमी करणे आहे.

केंद्राच्या 2022 च्या नियमांनी वेष्टनाच्या प्लास्टिकची जबाबदारी उत्पादकावर टाकली, म्हणजे खताच्या गोणीचा हिशेब कोणी तरी देणे लागतो. जुन्या नळीचा हिशेब अजून कोणीच देत नाही. नळी विकणाऱ्याने जुनी नळी परत घ्यावी, तपासणी विद्यापीठाने करावी, आणि जिल्ह्यातल्या कारखान्यांनी येत्या गाळप हंगामापासून टनामागे काही पैसे या कामासाठी बाजूला काढावेत. कारखान्यांच्या वार्षिक सभांना जाणाऱ्या सभासदांनी हा ठराव स्वतः मांडावा, ही त्यांना विनंती आहे.