सुगंध कमी पडला? आधी वात पाहा



मेणबत्ती आपल्या बेटावरील घरांना नवी नाही. चक्रीवादळात वीज गेली की पहिली आठवण तिचीच होते. आता काही घरी काचेच्या पेल्यात सुगंधी मेणबत्त्याही ओततात. कोणी दिवाळीला भेट म्हणून देतात, तर कोणी संसाराला चार पैशांचा हातभार लागावा म्हणून विकतात. त्यांची तक्रार बहुधा एकच असते. झाकण काढताच पेला घमघमतो, पण पेटवल्यावर वास येत नाही. मग पुढच्या खेपेला सुगंधी तेल दुप्पट घातले जाते. पैसे जातात, वास वाढत नाही, आणि ज्योत मात्र धूर सोडू लागते.

आमचे म्हणणे असे, की पुष्कळदा दोष तेलाचा नसून वातीचा असतो. हे समजून घेण्यासाठी हा उद्योग जेथे भरभराटीला आला, त्या अमेरिकेकडे थोडे पाहू.

वसाहतीच्या काळी तेथील न्यू इंग्लंड भागातील स्त्रिया बेबेरी नावाच्या झुडपाची फळे पाण्यात उकळून मेण काढीत. त्या मेणाला जात्याच सुवास होता. पण थोड्या मेणासाठी ढीगभर फळे लागत, म्हणून ही मेणबत्ती कधी स्वस्त झाली नाही. पुढे खनिज तेलापासून पॅराफिन मिळू लागले. ते स्वस्त, पण त्याला वास नाही. वास बाहेरून घालावा लागला, आणि मेण, तेल व वात यांचा मेळ घालण्याचा प्रश्न उभा राहिला.

१९६९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ हॅडली गावी मायकेल किट्रेज या मुलाने नाताळात आईला देण्यासाठी मेणाचे रंगीत खडू वितळवून मेणबत्ती केली. शेजारच्या घरातून तिला गिऱ्हाईक मिळाले, आणि त्यातूनच पुढे यांकी कँडल ही प्रसिद्ध कंपनी उभी राहिली. १९९० च्या दशकात आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी सोयाबीनच्या तेलापासून मेणबत्तीचे मेण तयार केले. घरी मेणबत्त्या करणारे अनेक जण आज हेच सोया मेण वापरतात. किट्रेज यांची जिद्द आपण जरूर घ्यावी, पण खडू घेऊ नयेत. खडूंतील रंगाची पूड मेणात विरघळत नाही. ती वातीत अडकते आणि वात गुदमरते.

वात काय काम करते?

ज्योत वातीला जाळते असे मुले म्हणतात. खरे पाहता ती मेणाची वाफ जाळते. उष्णतेने मेण वितळते, वातीतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली व हे प्रयोगाने दाखविले. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात तो प्रयोग आजही करू शकतो. मेणबत्ती विझवताच जी पांढरी रेषा वर जाते तिला पेटती काडी दाखवावी. वातीला काडी न लावताही ज्योत तिच्यावर उतरते.

सुगंध मात्र ज्योतीतून येत नाही. ज्योतीत शिरलेले तेल जळून जाते. सुगंध मुख्यतः वातीभोवती वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून हवेत मिसळतो. तळे लहान राहिले तर वासही थोडाच येणार. आणि तळे किती पसरावे हे वातीवर अवलंबून असते.

आपल्या आजींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. निरांजनातली फुलवात फार बारीक झाली तर मिणमिणते. समईची वात फार जाड वळली तर काजळी धरते. फरक इतकाच, की समईची वात पुढेमागे सारता येते. पेल्यातली वात मेण थिजल्यावर बदलता येत नाही, म्हणून ती आधीच विचाराने निवडावी लागते.

खुणा ओळखा

तीन इंच रुंदीच्या पेल्यात तीन-चार तासांत मेणाचे तळे काठापर्यंत पोहोचावे आणि त्याची खोली अर्ध्या इंचाच्या आसपास असावी. इंचाला एक तास, असा साधा हिशेब धरावा.

ज्योत लहान आहे, मध्येच खड्डा पडतो आणि कडेला मेण तसेच राहते, तर वात बारीक आहे. पुढच्या पेल्यात एक क्रमांक मोठी वात लावावी. तेलाला हात लावू नये.

ज्योत उंच नाचते, काचेवर काजळी चढते, वातीच्या टोकाला काळा गड्डा धरतो आणि पेला हात लावू न देण्याइतका तापतो, तर वात मोठी आहे किंवा तेल जास्त झाले आहे. अशा वेळी पहिला तास वास भरपूर येतो आणि मग नाहीसा होतो, कारण तापलेल्या तळ्यातून तेल भराभर उडून जाते.

क्रमांकाबाबत एक सूचना. प्रत्येक कारखान्याचे क्रमांक वेगळे असतात. एकाचा दहा आणि दुसऱ्याचा दहा सारखे नसतात. सोया मेणाला पॅराफिनपेक्षा बहुधा थोडी मोठी वात लागते. व्हॅनिलासारख्या जड वासालाही बऱ्याचदा तसेच करावे लागते. पेला चार इंचांहून रुंद असेल तर एकच जाड वात लावण्याऐवजी दोन बेताच्या वाती बऱ्या. वात शक्यतो विणलेली घ्यावी. १८२५ साली फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात काढली. ती जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन जळून जाते. त्यापूर्वी लोकांना वात सारखी कात्रीने कापावी लागे. तरीही दर वेळी पेटवण्यापूर्वी वात पाव इंच ठेवून कापावी.

तेल किती, केव्हा, कोणते?

तेल चमच्याने किंवा थेंबांनी मोजू नये, काट्यावर तोलावे. मेणाच्या वजनाच्या सहा ते दहा टक्के हे नेहमीचे प्रमाण आहे. २०० ग्रॅम मेणाला आठ टक्क्यांनी १६ ग्रॅम तेल होते. मेण विकणाऱ्याने सांगितलेली मर्यादा ओलांडली तर तेल मेणात मुरत नाही, वर घाम फुटल्यासारखे येते आणि वात चोंदते. अति तेथे माती.

बऱ्याच सोया मेणांत तेल ८० ते ८५ अंश सेल्सियसला घालून दोन मिनिटे सावकाश ढवळतात. स्वयंपाकाचा व्हॅनिला अर्क किंवा अंगाला लावायचे अत्तर चालत नाही. अर्कातले पाणी मेणात मिसळत नाही आणि ज्योतीत तडतडते, तर अत्तरात स्पिरिट असल्यास ते भडका घेते.

मेणबत्ती ओतल्यावर लगेच परीक्षा घेऊ नये. पॅराफिनला दोन-तीन दिवस आणि सोयाला एक-दोन आठवडे मुरू द्यावे. लोणचे मुरते तसेच हे आहे. शिवाय खोलीत बसून राहिलेल्या माणसाचे नाक सरावते. दहा मिनिटे अंगणात जाऊन परत यावे, मग वास आहे की नाही ते ठरवावे.

एका वेळी एकच बदल

शाळेत शिकवलेला नियम येथे लागू पडतो. तीन सारखे पेले घ्यावेत. मेण, तेल, उष्णता सर्व सारखे ठेवावे, फक्त वातीचे क्रमांक वेगळे ठेवावेत. प्रत्येकावर चिठ्ठी लावावी. एका वेळी चार तास जाळून पूर्ण थंड होऊ द्यावे, पुन्हा जाळावे, आणि तळ्याची रुंदी, ज्योत, काजळी हे वहीत लिहावे. शितावरून भाताची परीक्षा होते, मेणबत्तीची होत नाही. पेला अर्धा रिकामा झाला की उष्णता आत कोंडते. वर शहाण्यासारखी जळणारी वात तळाशी काच तापवू लागते. म्हणून चाचणी शेवटपर्यंत करावी, आणि तळाला अर्धा इंच मेण उरले की थांबावे.

हे एवढे का सांगायचे? अमेरिकेत एके काळी वात ताठ राहावी म्हणून तिच्या गाभ्यात शिशाची तार घालीत. ती जळताना शिसे हवेत जाई, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. १९७४ साली तेथील नॅशनल कँडल असोसिएशनच्या सभासदांनी आपण होऊन ती वात सोडली. पण बाजारातल्या काही मेणबत्त्यांत ती राहिलीच. २००३ साली ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने वजनाने ०.०६ टक्क्यांहून जास्त शिसे असलेल्या धातूच्या गाभ्याच्या वातींवर बंदी घातली. मध्ये २९ वर्षे गेली. आपल्या हाती जुनी, तारेची, ठावठिकाणा नसलेली वात आली तर तिची तार पांढऱ्या कागदावर घासावी. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती वापरू नये.

अमेरिकेत घरातल्या मेणबत्त्यांमुळे लागणाऱ्या आगी डिसेंबर महिन्यात सर्वांत जास्त असतात, म्हणजे भेटी देण्याच्या दिवसांतच. म्हणून मेण उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, थेट आचेवर नव्हे. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये, भांड्यावर झाकण घालावे. पेला जाड, बिनतड्याचा आणि उष्णता सोसणारा असावा. पडदा, पंखा आणि लहान मुले यांपासून ज्योत दूर ठेवावी.

आपण केलेली मेणबत्ती दुसऱ्याच्या घरी, आपल्या पाठीमागे जळणार असते. घेणाऱ्याला वातीचा क्रमांक ठाऊक नसतो, त्याचा विश्वास आपल्यावर असतो. तेव्हा एक पेला शेवटपर्यंत स्वतः जाळून पाहावा आणि मगच बाकीचे कोणाला द्यावेत. ज्या भगिनी ही वही ठेवतील, त्यांनी ती शेजारणीलाही दाखवावी, अशी आमची विनंती आहे.