‘अ‍ॅट फॉल्सम प्रिझन’ : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण लोकगीते, चर्चमधील भक्तिगीते आणि ब्लूज यांच्या मिलाफातून घडलेल्या कंट्री संगीतात जॉनी कॅश यांच्या ‘अ‍ॅट फॉल्सम प्रिझन’ या १९६८च्या अल्बमचे स्थान वादातीत आहे. परंतु त्याच्याभोवती दंतकथांचे जे जाळे विणले गेले आहे, त्यामुळे तो नेमका कसा घडला हे झाकोळून गेले आहे.

सर्वांत रूढ समज असा की, कॅश यांनी स्वतः कारावास भोगला होता आणि त्या अनुभवातूनच ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गीत जन्माला आले. प्रत्यक्षात कॅश यांना काही वेळा अटक झाली असली आणि काही रात्री कोठडीत काढाव्या लागल्या असल्या, तरी त्यांना तुरुंगवासाची शिक्षा कधीच झाली नाही. अमेरिकी हवाई दलात असताना, जर्मनीतील मुक्कामात, फॉल्सम तुरुंगावरील १९५१चा एक चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला आणि त्यातून त्यांना या गीताची कल्पना सुचली. गीत पूर्णपणे स्वतंत्र होते हेही खरे नाही, कारण त्याची चाल आणि शब्दरचनेचा बराच भाग गॉर्डन जेन्किन्स यांच्या १९५३च्या ‘क्रेसेंट सिटी ब्लूज’वरून घेतलेला होता आणि पुढे जेन्किन्स यांना त्याची भरपाईही द्यावी लागली. सन कंपनीने हे गीत १९५५मध्येच प्रथम बाजारात आणले होते.

तुरुंगात गाण्याची कल्पना अचानक सुचली, हाही असाच एक समज. कॅश १९५७पासून तुरुंगांत कार्यक्रम करत होते आणि अशा कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण व्हावे ही त्यांची जुनी इच्छा होती. मात्र बॉब जॉन्स्टन हे कोलंबिया कंपनीत त्यांचे निर्माते झाल्यानंतरच तिला मान्यता मिळाली. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात एक नव्हे, दोन प्रयोग झाले. पहिला बिनसला तर दुसरा हाताशी असावा, हा त्यामागचा हेतू; अल्बममध्ये बहुतेक गीते पहिल्याच प्रयोगातील आहेत, दुसऱ्यातील केवळ दोन.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न श्रोत्यांच्या आवाजाचा आहे. पहिल्याच गीतात निवेदक एका माणसाला निव्वळ त्याचे मरण पाहण्यासाठी गोळी घातल्याची कबुली देतो आणि लगेच अल्बमवर एक उन्मादी आरोळी ऐकू येते, जिच्यावरून कैद्यांनी खुनाचा जल्लोष केला असे असंख्य श्रोत्यांनी मानले. मायकेल स्ट्राइसगुथ या अभ्यासकाने दाखवून दिल्याप्रमाणे ती आरोळी त्या क्षणी उठलीच नव्हती, ती संपादनाच्या वेळी जोडली गेली. पहारेकऱ्यांच्या नजरेखाली बसलेले कैदी अशा ओळींवर उघड प्रतिसाद देताना सावध होते. म्हणून सारे ध्वनिमुद्रणच बनावट ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. कैद्याला नावाने नव्हे, क्रमांकाने बोलावणारी ध्वनिक्षेपकावरील घोषणा, गाता गाता मध्येच हसू न आवरणारे कॅश, हे सारे अस्सल आहे, आणि या अल्बमचे खरे बळ त्या जोडलेल्या आरोळीत नसून अशा न पुसलेल्या आवाजांत आहे.

शेवटचे गीत ‘ग्रेस्टोन चॅपेल’ हेही कॅश यांचेच असे पुष्कळांना वाटते, पण ते ग्लेन शर्ली या फॉल्सममधील कैद्याने तुरुंगातील प्रार्थनागृहाविषयी रचलेले होते. कैद्यांमध्ये काम करणाऱ्या एका धर्मोपदेशकाने त्याची ध्वनिफीत कॅश यांच्याकडे पोहोचवली, आदल्या रात्री त्यांनी गीत बसवले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेल्या, याची पुसटशीही कल्पना नसलेल्या शर्लीसमोर ते गायले. कंट्री संगीतात बंदिवानांविषयी गाणी पुष्कळ होती. बंदिवानाची स्वतःची रचना त्याच्या सहबंदिवानांपुढे गाऊन तिने अल्बमची सांगता करणे ही त्याहून फार मोठी गोष्ट होती.

अल्बम मे १९६८मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे यश निर्विघ्न होते असे मानणेही चूक आहे, कारण जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची गोळ्या घालून हत्या झाल्यावर आकाशवाणी केंद्रांनी शीर्षकगीत वाजवणे थांबवले आणि कॅश यांचा विरोध डावलून कंपनीने ती वादग्रस्त ओळ काढून तबकडी नव्याने काढली. तरीही गीत आणि अल्बम दोन्ही कंट्री याद्यांत अग्रस्थानी पोहोचले, लोकप्रिय संगीताच्या सर्वसाधारण यादीत अल्बम तेराव्या क्रमांकापर्यंत गेला आणि पुढील वर्षी कॅश यांचा स्वतःचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. ‘अ बॉय नेम्ड सू’ हे विनोदी गीत आणि मधले बोट दाखवणारे कॅश यांचे प्रसिद्ध छायाचित्र मात्र फॉल्समचे नव्हे. ती दोन्ही १९६९च्या सॅन क्वेंटिन तुरुंगातील कार्यक्रमाची आहेत.

संपादित अल्बम आणि प्रत्यक्ष प्रयोग यांतील अंतर स्वतः पारखू इच्छिणाऱ्या वाचकांनी २००८ची विस्तारित आवृत्ती अवश्य ऐकावी. तिच्यात दोन्ही प्रयोग समाविष्ट आहेत.