सातबाऱ्यावर न चढलेला मान

पाषाणहून सूसची खिंड ओलांडली की पूर्वी पुणं संपायचं. आता ते कुठं संपतं हे सांगणं कठीण झालं आहे. सूस आणि म्हाळुंगे २०२१ मध्ये महापालिकेत गेली. पुढचं नांदे त्या यादीत नव्हतं. शेजारी चांदे, पलीकडे लवळे, आणि लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठांच्या इमारती. तालुका मुळशी, तालुक्याचं ठिकाण पौड. एका अंगाला बालेवाडी आणि हिंजवडी, दुसऱ्या अंगाला अजून भाताची खाचरं, अशा मधल्या पट्ट्यात नांदे आहे.

या पट्ट्यात जागा घेणारा माणूस सातबारा नीट तपासतो. नमुना सातवर मालकाचं नाव, क्षेत्र आणि आकार असतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, बोजा, विहिरीचा किंवा वाटेचा हक्क असतो. नमुना बारावर पिकांची नोंद असते. वकील तीस-तीस वर्षांचे फेरफार काढून देतो. एवढ्या कागदांत एक गोष्ट मात्र कुठंच लिहिलेली नसते. देवाच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, काठी कुणाच्या घरची, होळीला पहिला नारळ कुणाचा, हे कागद सांगत नाही. गाव मात्र ते विसरत नाही.

मुळशी-मावळातल्या ज्या चालीरीती बाहेरून आलेल्यांना चमत्कारिक, नाहीतर नुसत्या गोंगाटाच्या वाटतात, त्यांतल्या बऱ्याचशा या मानाच्या हिशेबावर उभ्या आहेत. जमीन विकता येते, मान विकता येत नाही. त्यामुळं ज्या घराकडं एक गुंठाही शेत उरलं नाही, त्या घराकडं चैत्रात गाव अजूनही वाट पाहत थांबतं.

याचं सर्वांत ठळक उदाहरण नांद्यापासून जवळच, हिंजवडीत आहे. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळं हे नाव जगभर पोचलं. पण चैत्र पौर्णिमेला तिथं काय होतं, हे त्याच उद्यानात रोज दहा तास घालवणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. त्या दिवशी ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड निघतं. बगाड म्हणजे गाड्यावर उभारलेला उंच लाकडी खांब आणि त्यावर आडवं, फिरतं लाकूड. त्या आडव्या लाकडाला जो माणूस टांगला जातो तो गळकरी. हिंजवडीत गळकरी होण्याचा मान जांभूळकर घराण्याचा आहे. त्या कुळातल्या तरुणांमधूनच त्याची निवड होते. ‘म्हातोबाच्या नावानं चांगभलं’चा गजर करत बगाड हिंजवडीतून वाकडकडे जातं. हिंजवडी मुळशी तालुक्यात, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. मधल्या रस्त्यावर एरवी संध्याकाळी गाड्या तासन्‌तास अडकून पडतात, आणि त्या दिवशी पोलीसच वाहतूक वळवतात. हद्दी बदलल्या, महापालिका आली, महामार्ग आला. देवाची वाट तीच राहिली.

हे नुसतं जुनाट वेड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दामोदर धर्मानंद कोसंबी वाचावेत. गणितज्ञ असलेला हा माणूस पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत हिंडला. गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या दगडांची, मातृदेवतांच्या ठाण्यांची आणि त्यांच्या आसपास सापडणाऱ्या अश्मयुगीन गारगोटीच्या हत्यारांची त्यानं एकत्र नोंद केली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात पुण्याच्या परिसरातला म्हातोबाही आहे. पुष्कळ देवठाणी गावापेक्षा जुनी आहेत, असं कोसंबींचं म्हणणं होतं. शेती स्थिरावण्याआधी गुरं-मेंढरं घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या वाटा जिथं एकमेकींना छेदत, तिथं ही ठाणी बसली. गाव नंतर आलं. म्हणून देवी वेशीबाहेर असते, आडवाटेला असते, आणि तिच्याकडं जाणारी पालखी आज कुणाच्या तरी कुंपणावर येऊन अडते. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. रस्ता कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर ते सातबाऱ्याच्याही मागे नेऊन ठेवतं.

बगाडाची प्रथा एकट्या हिंजवडीची नाही. पुण्याजवळ एक बावधन आहे तसं वाईजवळही एक बावधन आहे, आणि त्या बावधनचं रंगपंचमीचं बगाड साताऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. तिथं बगाड्या कोण, हे होळी पौर्णिमेला भैरवनाथाच्या देवळात कौल लावून ठरतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून ते अवजड लाकडी बगाड बैलांच्या जोड्या बदलत शेतांमधून गावात ओढून आणतात. ‘काशिनाथाचं चांगभलं’ म्हणत हजारो लोक बरोबर चालतात. पूर्वी बगाडात माणसाच्या पाठीत लोखंडी गळ टोचत. इंग्रजी अमदानीत सरकारनं त्याला मनाई केली. बावधनला आता बगाड्याला वरच्या आडव्या लाकडाला बांधतात. दुखापतीचा भाग गेला आणि बाकीचा सोहळा टिकला. प्रथा बदलली की मरते, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

मानाचं हे अर्थकारण मराठीत सर्वांत बारकाईनं लिहिलं ते त्रिंबक नारायण आत्रे यांनी. १९१५ मध्ये आलेला त्यांचा ‘गाव-गाडा’ आजही उघडावा असा आहे. महसूल खात्यात काम करताना गाव आतून पाहिलेला हा लेखक बलुतेदारांचे हक्क, पाटलाचे मानपान, सणावारी कुणी काय आणायचं आणि कुणाला काय मिळायचं हे तपशिलानं सांगतो. एकेका मानामागं एकेक काम असे आणि कामामागं धान्याचा वाटा असे, हे त्यातून कळतं. सुताराला बलुतं का, तर औतं-नांगर त्याच्या हातचे. गुरवाला का, तर देवाची पूजा त्याच्याकडं. वाटा बंद झाला, धान्याच्या पेंढीऐवजी रोख मजुरी आली, तरी कामाचा मान तेवढा मागं उरला.

पोळ्याला पहिला बैल कुणाचा, पालखी कुणाच्या दारी थांबायची, यावरून घराणी पूर्वी थेट कोर्टापर्यंत जात. दिवाणी न्यायालयांनी मात्र भूमिका घेतली ती अशी, की मानाला एखादं पद किंवा मालमत्ता जोडलेली असेल तर दावा चालेल. निव्वळ प्रतिष्ठेच्या मानासाठी चालणार नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नोंद नाही आणि कोर्टात दादही नाही. मान टिकतो तो केवळ गावकी बसते, भावकी ऐकते आणि शेजारी साक्ष देतात म्हणून.

या व्यवस्थेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला मंजूर नाही. ज्याला एकानं मान म्हटलं, त्याचीच दुसऱ्यावर सक्ती होती. मेलेली जनावरं ओढणं, वेशीवर पहारा करणं, सरकारी टपाल घेऊन धावणं ही महारांच्या माथी मारलेली कामंही परंपरेच्याच नावाखाली चालत. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध लढा दिला तो याच कारणानं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्याच्या वस्त्यांनी ही कामं सोडून दिली, आणि कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. गावाच्या यात्रेत एखाद्या घराची काठी आज दिसत नसेल, तर ती हरवली असं समजू नये. कित्येकदा ती विचारपूर्वक खाली ठेवलेली असते, आणि तो निर्णयही त्या गावाच्या परंपरेचाच भाग मानला पाहिजे. बायकांचं काय, हाही प्रश्न आहेच. यात्रेला लेकीबाळी माहेरी येतात, पुरणाचा सगळा घाट त्यांच्यावर पडतो, पण काठी-पालखीचे मान बहुतेक पुरुषांकडंच आहेत.

यात्रेची जेवणं नव्याला बुचकळ्यात टाकतात. पहिल्या दिवशी देवाला गोडाचा नैवेद्य, पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी तिखट, म्हणजे मटण-भाकरी. पाहुण्यानं दोन्ही दिवस यायचं असतं. संध्याकाळी छबिना निघतो, दुसऱ्या दिवशी दुपारी आखाडा भरतो, नवस फेडणारे शेरणी वाटतात. जिथं घाट आहे तिथं बैलगाडे पळतात. घाट म्हणजे इथं डोंगरातला रस्ता नव्हे, तर गाडे पळवायची चढाची धावपट्टी. पुणे जिल्ह्याच्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर पट्ट्यात गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एका वेळी एकच बारी सुटते, पुढं घोडी धावते आणि सेकंद मोजले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परत सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांना मारहाण आणि टोचणी होता कामा नये, ही अट मला रास्तच वाटते. पण बंदीच्या त्या वर्षांत नांगराला ट्रॅक्टर जुंपलेल्या शेतकऱ्यांनी गोठ्यात खिल्लार बैल का सांभाळले, याचं उत्तर नफ्यातोट्याच्या वहीत सापडत नाही.

मुळशी हा भाताचा तालुका. पावसाळ्याआधी दाढ भाजायची, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवताचे थर पसरून जाळायचे. मग पेरणी, आणि पाऊस लागला की आवणी. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावायची ही कामं एका घरानं उरकणारी नाहीत. म्हणून सावड आली: आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. इर्जिक त्याहून वेगळं. एकाच्या शेतावर गावानं औतं घेऊन उतरायचं, मजुरी घ्यायची नाही, आणि ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. या खाचरांतून आंबेमोहर आला. पुढं वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला. तो १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. खाचरं बिगरशेती झाली की सावडीचा हिशेबही मिटतो, कारण परतफेड करायला चिखल उरत नाही. सगळ्या रिवाजांत हा मला सर्वांत नाजूक वाटतो. देव नव्या सिमेंटच्या देवळात जाऊ शकतो. आवणीला शेतच लागतं.

वरच्या खोऱ्यात, मुळशी धरणापलीकडं ताम्हिणीच्या बाजूला गेलं की देवराया लागतात. काठीलाही हात लावायचा नाही, पडलेलं झाड तिथंच कुजू द्यायचं, देवाच्या कामासाठी लाकूड हवं असेल तर आधी कौल घ्यायचा. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, आणि १९७६ मध्ये त्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडीपासून वाचवण्यासाठी मदत मागितली होती, आणि कारण सांगितलं होतं पाण्याचं: राई गेली तर ओढा आटेल. श्रद्धा आणि उपयोग यांची अशी गाठ गावाला सोडवावीशी वाटली नाही. आपण शहरात बसून ती सोडवतो आणि मग दोन्ही गमावतो.

याच डोंगरपट्टीतली दिवाळीही वेगळी सुरू होते. आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस, गाय-वासराची पूजा. त्याच दिवशी सह्याद्रीतले महादेव कोळी आणि इतर गुराखी वाघबारस पाळतात. वाघोबाच्या ठाण्यावर जमून रानातच खीर शिजवायची, वाघाला नैवेद्य दाखवायचा आणि गुरं सांभाळ म्हणून मागणं मागायचं. काही ठिकाणी एखादं पोर वाघ होतं आणि बाकीचे त्याला पिटाळतात. ज्याची भीती त्यालाच वाटेकरी करून घेणारा हा सण शहरात फारसा कुणाला माहीत नाही.

आता नांद्यासारख्या गावापुढचा खरा प्रश्न. यात्रेची पट्टी उंबऱ्यामागं ठरते. जितक्या चुली तितक्या पट्ट्या. पण चौदाव्या मजल्यावरची चूल धरायची की नाही? नव्या वसाहतींची घरं गावठाणाच्या घरांहून अधिक होऊ लागली, की पट्टीच्या यादीत त्यांना घेणं म्हणजे पैसे मागणं, आणि न घेणं म्हणजे परकं ठरवणं. दोन्हीत अवघडलेपण आहे. माझं मत असं, की पैशापासून सुरुवात करूच नये, कामापासून करावी. गावात ज्याची गणना होते ती कामामुळं, हे आत्र्यांच्या पुस्तकातल्या सुतारापासून खरं आहे.

आणि असं एक काम प्रत्येक वारकरी गावात दरवर्षी निघतं. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते; प्रत्येकाचे तास ठरलेले, त्यालाच पहारा म्हणतात. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला, आणि रोजच्या पंगती कुणाच्या हे आधीच वाटून दिलेलं. भोंग्याचा आवाज खिडकीतून आत येतो तेव्हा त्यामागं हे वेळापत्रक असतं. त्याला घराणं लागत नाही, कूळ लागत नाही, सातबारा तर नाहीच. विणेकऱ्याच्या पाया पडायचं आणि वीणा गळ्यात घ्यायची. दिवसाच्या पहाऱ्यांना माणसं सहज मिळतात. मध्यरात्र ते पहाट या पहाऱ्यांची नावं भरताना मात्र सप्ताहाचे कारभारी फोनवर फोन करत असतात.